क्लेटनचं गुऱ्हाळ

रविवार, १५ जून २००८

ही डायरी नव्हे, नोंदवही आहे. साखर कारखान्यात अठरा वर्षं केमिस्ट होतो, तिन्ही पाळ्यांच्या नोंदी माझ्या सहीशिवाय पुढे जात नव्हत्या. प्रयोग करायचा तर नोंद हवीच.

प्रयोगाचं कारण म्हणजे रविवार. विनीताला पुण्याला जाऊन पाच आठवडे झाले. तिच्या युनिव्हर्सिटीनं तिकडे ऑफिस उघडलंय. ऑस्ट्रेलियाला येऊ पाहणाऱ्या मुलांची रांग लागली आहे आणि त्यांचे कागद तपासायला इथलं माहीतगार, मराठी बोलणारं माणूस हवं होतं. तीन महिन्यांचं काम. नऊ ऑगस्टला, शनिवारी, ती परत येईल. आठ वर्षांपूर्वी तिच्या नोकरीमागोमाग मी कारखाना सोडून मेलबर्नच्या या क्लेटन उपनगरात आलो आणि इथे एका बिस्किटं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला चिकटलो. आता ती तिकडे आणि मी इकडे. हसण्यासारखंच आहे, पण हसायला घरात दुसरं कुणी नाही.

ती असताना रविवारी या घरात पाय ठेवायला जागा नसायची. देशातून नव्यानं आलेल्या मुलांचं पहिलं रविवारचं जेवण आमच्याकडे, हा विनीताचा नियम. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे मी फार बोलायचो नाही. एवढंच म्हणायचो की हे घर आहे की धर्मशाळा. वीस माणसांचं ॲल्युमिनियमचं पातेलं तिनं सामानातून पुण्याहून आणलंय. ती गेल्यावर दोन रविवार बेल वाजली. मी दारातूनच सांगितलं, मॅडम नाहीत. तिसऱ्या रविवारपासून वाजायची थांबली. शांतता मिळाली, मला हवी होती तशी.

तर प्रयोग. मागच्या अंगणातलं मोठं झाड मॅपलच्या जातीचं निघालं. शेजारचा कॉन, सत्तरीचा ग्रीक म्हातारा, त्याला तण म्हणतो. "कट इट डाउन, मेट!" हे तो आठ वर्षं सांगतोय. पण विनीताच्या ओट्यासमोरच्या खिडकीतून ते दिसतं, म्हणून ते राहिलं. नेटवर वाचलं की कॅनडात अशा झाडांना हिवाळ्यात भोक पाडून नळी बसवतात, गोडसर पाणी ठिबकतं, ते आटवलं की पाक होतो. म्हणजे ऊस नसलेलं गुऱ्हाळच. साखर हा माझा विषय. विनीता येईपर्यंत घरच्या झाडाच्या पाकाची एक बाटली तयार ठेवायची, असं ठरवलं आहे. गेल्या कित्येक वर्षांत मी तिला दाखवण्यासारखं काही केलेलं नाही.

आज दोन भोकं पाडली. आठ मिलिमीटर रुंद, चार सेंटिमीटर खोल. नेटवर लिहिलं होतं, दक्षिणेकडून पाडा, तिकडे ऊन असतं. ते कॅनडात. इथे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे मी उत्तरेकडून पाडली. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं.

बुधवार, १८ जून

उत्पादन शून्य. रात्री कडक गारठा आणि दिवसा ऊन, असं दोन्ही असलं तरच रस वाहतो. मेलबर्नची थंडी हाडात शिरते पण गोठत नाही. रात्रीचं तापमान सात.

रविवार, २२ जून

फोन आला. दर रविवारी दुपारी एकला येतो, तिकडे साडेआठ. विनीताला कर्वेनगरला घर मिळालं. अकरा महिन्यांचा करार केलाय. मी म्हटलं, तीन महिन्यांसाठी अकराचा कशाला? ती म्हणाली, तिकडे तसेच करतात. खरंय, तिकडे तसेच करतात. तिला वॉशिंग मशीन घ्यायचंय, कुठलं घेऊ विचारत होती. मी वरून कपडे टाकायचं घ्यायला सांगितलं, पाण्याचा दाब कमी असला तरी चालतं.

मी तिला उत्तरेची गंमत सांगितली. ती "हं" म्हणाली. तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, बहुधा ऐकू गेलं नसावं.

शनिवार, २८ जून

दव गोठलं! सकाळी सहाला बाहेर आलो तर गवत पांढरं आणि पायाखाली करकर वाजत होतं. साडेदहाला ऊन आलं आणि दहा चाळीसला पहिला थेंब पडला. मी खुर्ची टाकून समोर बसलो. मिनिटाला अठरा थेंब. नंतर बावीस.

संध्याकाळपर्यंत अडीच लिटर. दिसायला पाणीच, अगदी स्वच्छ. कारखाना सोडताना सहकाऱ्यांनी साखर मोजायची दुर्बिणीसारखी नळी भेट दिली होती, ती माळ्यावरून काढली. शंभरात एक पूर्णांक सहा भाग साखर. उसात अठरा असते. म्हणजे एक लिटर पाकाला चोपन्न लिटर रस लागेल. विनीता असती तर म्हणाली असती, दत्ता, उसाचा रस आणून पी ना. तिच्या आवाजात हे वाक्य मी मोठ्यानं म्हणून पाहिलं. रस फ्रीजमध्ये ठेवला आहे.

शनिवार, ५ जुलै

आठवड्यात आणखी दोनदा गवत पांढरं झालं. एकूण नऊ लिटर जमला. आज पहिली भट्टी लावली.

अंगणातल्या बार्बेक्यूवर विनीताचं मोठं पातेलं चढवलं. नऊ लिटर त्यात तळाशी दिसत होतं. दोन तासांनी रस निम्मा झाला आणि वर जरा फेस आला, तेव्हा माझा हात आपोआप चुन्याकडे गेला. कारखान्यात उसाचा रस आला की पहिलं काम चुन्याची निवळी घालणं. मळी खाली बसते, रस निवळतो. अठरा वर्षं हेच केलंय. इंडियन दुकानातून पानाला लावायच्या चुन्याची ट्यूब आणली होती, ती पाण्यात कालवली आणि घातली.

रस निवळायच्या ऐवजी काळपट झाला. वास आला तो शाळेच्या भिंती रंगवताना यायचा तसा. बोट बुडवून चाखलं तर जीभ चुरचुरली. वर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चुना! कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं पोरही असं करणार नाही. पातेल्याला आतून काळं वलय पडलंय, चिंचेनंही निघेना. सगळा रस कॉनच्या कुंपणाकडेला ओतला.

रविवार, ६ जुलै

विनीताला चुन्याचं सांगितलं. वाटलं होतं हसेल. ती म्हणाली, "रस स्वच्छ होता ना पण आधीच?"

"हो, पाण्यासारखा."

"मग साफ कशाला केलास?"

मी म्हटलं, सवय. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी. जे चांगलं आहे त्यातही तुला काहीतरी घालायचंच असतं. माझी भाजी, माझं इंग्लिश, ती पोरं कशी बसतात, कशी जेवतात. तुला दुरुस्तच करायचं असतं, दत्ता."

मी म्हटलं, विषय रसाचा चाललाय. ती म्हणाली, बरं, आणि मग तिची डिग्रीची मूळ सर्टिफिकेटं कुरियरनं पाठवायला सांगितली. ऑफिसला लागतात म्हणे. पातेल्याच्या डागाचंही मी कबूल केलं. "असू दे," ती म्हणाली, "पातेलं कुणाला तरी देऊन टाक." एवढ्या हौसेनं आणलेलं पातेलं. रागानं म्हणाली असेल.

तिला एक सांगायला हवं होतं. मी दुरुस्त करतो ते वाईट वाटावं म्हणून नाही. कारखान्यात चूक दिसली आणि बोललो नाही तर पोतीच्या पोती वाया जायची. पण हे सुचलं तोपर्यंत फोन ठेवला होता.

रविवार, १३ जुलै

सर्टिफिकेटं गुरुवारी पाठवली. कपाटात शोधताना दिसलं की तिच्या साड्यांचा खण रिकामा आहे. तीन महिन्यांसाठी सगळ्या साड्या नेल्या. तिकडे लग्नकार्यं असणार, उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढायचे, बरोबरच आहे.

चार सकाळी दव गोठलं. बारा लिटर जमला. आज फोन दोन मिनिटांचाच, तिला कुठेतरी जायचं होतं.

दुपारी कॉन कुंपणावर टेकून बघत होता. "यू मेकिंग ग्रोग, मेट?" त्याला दारू वाटली. मी म्हटलं शुगर. त्यानं कपाळाला हात लावला. "शुगर इज वन डॉलर इन द शॉप!" मग विचारलं, "वेअर्ज यॉर वाइफ? नो मोर स्टुडंट्स?" मी म्हटलं नऊ ऑगस्टला येतेय. तो म्हणाला, गुड, गुड, आणि त्याची लिंबं देऊन गेला. त्या पोरांचा आवाज त्याला आवडायचा म्हणे. मला वाटत होतं तो तक्रार करेल.

झाडासमोर बसल्या बसल्या आज मामाचं गुऱ्हाळ आठवलं. कऱ्हाडजवळच्या आमच्या आजोळी माघात चुलवाण पेटलं की गावात कुणालाही वास कळायचा. वाटेवरचा माणूस नुसता डोकावला तरी मामा त्याला बसवायचा. आधी रस, मग पळसाच्या पानावर गरम काकवी, जाताना हातात गुळाचा खडा. ओळखीचा आहे की नाही, विचारायची पद्धत नव्हती. गुऱ्हाळावर आलेला माणूस रिकाम्या हातानं परत गेला तर मामाला ते घरातल्या भांडणापेक्षा जास्त लागायचं. मी केमिस्ट झाल्यावर मामाला म्हणालो होतो, तुमचं सगळं अशास्त्रीय आहे, किती माल असा वाटण्यात जातो मोजलंय का? मामा म्हणाला, नाही बा. आमच्या कारखान्याच्या गेटवर मूठभर साखरेसाठी झडती घ्यायचे.

शनिवार, १९ जुलै

एकूण अठरा लिटर. दुसरी भट्टी. चुना नाही, काहीही घातलं नाही. नुसता बसून राहिलो आणि फेस आला तर झाऱ्यानं काढला. हे फार अवघड आहे.

सकाळी आठ ते दुपारी तीन. शेवटच्या अर्ध्या तासात रंग मधाकडे गेला आणि अंगणभर वास सुटला. गुळासारखा, पण त्यात ओल्या लाकडाचा थोडा वास. वजन, तापमान, साखर, सगळं पाहून उतरवला. सहासष्ट टक्के. कापडातून गाळून बाटलीत भरला. सव्वातीनशे मिली. अठरा लिटरचे सव्वातीनशे.

बाटलीवर चिठ्ठी लावली: विनीता, ९ ऑगस्ट. झाकणावर मेण ओतून सील केली. मी स्वतः चव घेतली नाही, झाऱ्याला लागलेलंही धुऊन टाकलं. पहिला घास तिचा.

बाटली ओट्यासमोरच्या खिडकीत ठेवली आहे. ऊन आलं की मागचं झाड तिच्यातून तपकिरी दिसतं.

रविवार, २७ जुलै

गेल्या रविवारी फोन आला नाही. आज आला. मी लगेच सुरू केलं, किती लिटर, किती वेळ, किती टक्के. मध्ये ती म्हणाली, "दत्ता, मला एक बोलायचंय."

मी म्हटलं, "थांब, आधी हे ऐक, चोपन्नास एक हा माझा हिशोब तंतोतंत उतरला."

ती म्हणाली, "छान." मग म्हणाली, "तुला करमतं का रे?"

मी म्हटलं, न करमायला काय झालं, दोन आठवडेच तर राहिले. खरं म्हणजे करमत नाही. संध्याकाळी कंपनीतून आलो की मी मुद्दाम टीव्ही लावून आंघोळीला जातो, बाहेर आल्यावर कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. हे फोनवर काय सांगायचं? वहीत लिहिलं.

फोन ठेवताना ती म्हणाली की एका मुलीबरोबर पाकीट पाठवते आहे, ते नीट बघ. मी फ्लाइट नंबर विचारला, घ्यायला येतो म्हटलं. ती म्हणाली, "त्या मुलीला तिची मैत्रीण आणणार आहे." मी म्हटलं, अगं, तुझा. ती म्हणाली, पुढच्या रविवारी बोलू.

शनिवार, २ ऑगस्ट

सकाळी अकराला बेल वाजली. दारात एक बावीस-तेवीसची मुलगी, नवं जाड जॅकेट, नाक लाल. मी सवयीनं म्हणालो, मॅडम नाहीत.

"हो काका, माहितीये, ॲक्च्युअली मॅडमनीच पाठवलंय मला. मी यामिनी. व्हिसा उशिरा आला ना, सो दोन आठवडे लेक्चर्स मिस झालीत माझी." तिनं बॅगेतून पाकीट काढलं. "हे तुमच्याच हातात द्यायला सांगितलंय. म्हणाल्या, लेटरबॉक्समध्ये टाकू नकोस."

मी पाकीट घेतलं, थँक्यू म्हटलं. ती जरा घुटमळली. माझ्या खांद्यावरून आत बघत होती. मग म्हणाली, "छान वास येतोय तुमच्याकडे, गुळासारखा. ओके काका, बाय." पाकिटावर तिचा फोन नंबर होता, काही लागलं तर म्हणून. मी दार लावलं.

आत मेतकुटाची पुडी, कात्रजच्या दुकानातलं खवा-पोळीचं एक पाकीट आणि रुमालात गुंडाळलेली चावी. या घराची. विनीताची, तिला तिनं लाल लोकर बांधलेली असते तीच. चिठ्ठी वगैरे काही नाही.

प्रवासात हरवू नये म्हणून आधी पाठवली असणार. नऊला मी घरीच आहे, तिला चावी लागायचं कारणच नाही. चांगला विचार केला. चावी बाटलीशेजारी ठेवली आहे.

रविवार, ३ ऑगस्ट

एक वाजता फोन आला.

मी म्हटलं, "पाकीट मिळालं. चावी मिळाली."

चावी समोर खिडकीत, बाटलीशेजारीच होती.

"जपून ठेवलीय," मी म्हटलं.

"दत्ता, जपायला नाही पाठवली मी ती."

मी म्हटलं, मग? आणि विचारता विचारताच कळलं. साड्या, सर्टिफिकेटं, अकरा महिने, पातेलं, सगळं एकदम कळलं. वॉशिंग मशीन कुठलं घ्यायचं ते मीच सांगितलं होतं.

ती म्हणाली, "मी येत नाहीये. नऊला नाही आणि नंतरही नाही. इथली नोकरी कायमची घेतलीय. तीनदा सांगायला गेले तुला. तू दर वेळी आकडे सांगितलेस. म्हणून शेवटी चावी पाठवली. चुकलं असेल माझं, पण दुसरं काही सुचलं नाही."

या वेळी खरंच ऐकत होतो.

"तू वाईट नाहीस रे," ती म्हणाली. "पण त्या घरात तू असलास तरी मी एकटी असायचे. म्हणून तर दर रविवारी एवढी पोरं गोळा करायचे. तुला वाटायचं मला हौस आहे."

मला बाटलीबद्दल बोलायचं होतं. बोललो नाही. फोन ठेवल्यावर रडलो. तापमान पाहिलं नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

सिंगापूरहून येणारं विमान वेळेवर उतरलं, असं नेटवर दिसलं. ती त्याच विमानानं आली असती, असं नाही. कुठलंच तिकीट तिनं काढलं नव्हतं.

सकाळी गवत पांढरं होतं. नळ्या काढून भोकं तशीच सोडली. नेटवर लिहिलंय की ती आपोआप भरून येतात, त्यांत काही घालू नये.

ओट्याशी उभा होतो तेव्हा त्या मुलीचं बोलणं आठवलं. छान वास येतोय, म्हणाली. परक्या देशातला पहिला आठवडा, थंडीत दोन बस बदलून आलेली पोर. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. वास घेऊन ती दारातून परत गेली. मामा असता तर माझ्याशी बोलला नसता.

पाकीट फेकलं नव्हतं. नंबर लावला. "उद्या रविवार आहे," मी म्हटलं, "जेवायला ये." ती म्हणाली, "काका, मॅडम आल्या का?" मी म्हटलं, नाही, त्या येणार नाहीत, पण तू ये.

रविवार, १० ऑगस्ट

यामिनी बाराला आली. मला वरण-भात आणि बटाट्याची भाजी एवढंच येतं. भात खाली लागला. पोळ्या येत नाहीत म्हणून कॉनच्या बायकोनं दिलेला ब्रेड ठेवला. ती सगळं जेवली. नाशिकची आहे, वडील पोस्टात आहेत, इथे पाचजणी दोन खोल्यांत राहतात आणि ती आल्यापासून रोज रात्री नूडल्स खाते. वरणाचा पहिला घास घेतल्यावर थोडा वेळ मान खाली घालून बसली. मी भाताकडे बघत राहिलो.

मग मी खिडकीतली बाटली आणली. तिनं चिठ्ठी वाचली. "काका, ही मॅडमसाठी ठेवलीय ना?"

"होती," मी म्हटलं. सुरीनं मेण कापलं, ब्रेडवर पाक ओतला. पळसाचं पान कुठून आणणार, बशीच. तिला दिला, मग स्वतःही घेतला. गोड आहे. पुढे लिहिण्यासारखं मला काही सुचत नाही, चांगला झालाय.

ती डोळे मोठे करून म्हणाली, "अय्या, काकवी!"

काकवी नव्हे. काकवी उसाची असते, तिच्यात लोह असतं, घट्टपणा वेगळा, हा मॅपलचा पाक, सहासष्ट टक्के. सगळं जिभेवर आलं होतं.

"हो," मी म्हटलं, "काकवीच."

उरलेली बाटली मैत्रिणींसाठी तिच्या बॅगेत घातली. रिकाम्या हातानं पाठवायची नाही, एवढं मला येतं. जाताना दारात तिनं विचारलं, पुढच्या रविवारी त्या चौघींना पण आणू का. मी म्हटलं, आण.

मोठं पातेलं घासून ठेवलं आहे. आतलं काळं वलय तसंच आहे. पाच मुली आणि मी, सहा माणसांना तांदूळ किती घ्यायचे, हे मला माहीत नाही. विनीता मुठीनं घ्यायची, आणि मी तिला दर वेळी मोजून घे म्हणायचो.